हिरेमठ मेट्रनकडचं हळदी-कुंकू

सर्व संबंधितांस, आणि संबंध नसताना लक्ष घालणाऱ्यांस तर विशेषकरून, अत्यंत गांभीर्यानं कळवण्यात येतं की सत्तरच्या दशकात आमच्या सोलापुरात वैद्यकशास्त्राची एक परिषद दर महिन्या-दोन महिन्यांनी भरत असे. तिला अध्यक्ष नव्हता, उद्घाटक नव्हता, आभारप्रदर्शन नव्हतं. एकही डॉक्टर तिकडे कधी फिरकला नाही, कारण अशी परिषद भरते हेच बराच काळ एकाही डॉक्टरला ठाऊक नव्हतं. आत जायचं तर सोबत एक चूक न्यावी लागे. खरी, आपल्याच हॉस्पिटलात घडलेली चूक. ती सांगितली की वाटीभर कोसंबरी, म्हणजे भिजवलेल्या डाळीची कोशिंबीर, मिळे. नाही सांगितली तर हात हलवत घरी.

जगाला ही परिषद 'हिरेमठ मेट्रनकडचं हळदी-कुंकू' म्हणून माहीत होती.

शांतव्वा हिरेमठ आमच्या हॉस्पिटलच्या मेट्रन. मी तिथला स्टोअरकीपर. कापूस, बँडेज, सलाइनच्या बाटल्या, सिलिंडर, फिनेल, जे येईल ते उतरवून घ्यायचं, सही करायची आणि हरवलं की शिव्या खायच्या, एवढी माझी नोकरी. मेट्रनची उंची पाच फुटांना दोन बोटं कमी. अंगावर पांढरी साडी, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, पायांत कॅनव्हासचे बूट. त्या बुटांमुळे चालताना आवाज होत नसे. आपण निवांत विडी काढावी आणि कानामागून प्रश्न यावा, "स्टोअरकीपर, ही बाटली कशाची?" बाटलीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असे. तरी ते मोठ्यानं वाचायला लावत, अक्षरांखाली बोट धरून. स्वतःही तशाच वाचत. भाजीवाल्याकडे गेल्या तर पिशवीत काय टाकलंय ते त्याच्याकडून वदवून घेत. एका लग्नात म्हणे त्यांनी बोहल्यावरच्या मुलाला पूर्ण नाव, वडिलांचं नाव आणि गाव विचारलं आणि समाधान झाल्यावरच अक्षता टाकल्या.

या खोडीला कारण होतं. आमच्या ग्रामदैवतानं अख्ख्या जिल्ह्याला नावं पुरवली आहेत. वॉर्डात उभं राहून "सिद्राम" अशी हाक मारा, चार जण उठून बसतील आणि पाचव्याची बायको ओ देईल. एकदा शेजारशेजारच्या खाटांवर दोन सिद्राम होते, एक वैरागचा, एक बोरामणीचा. साखर उतरवायचं इंजेक्शन वैरागच्याला द्यायचं होतं. नव्या सिस्टरनं हाक मारली, बोरामणीच्यानं "व्हय" म्हणून दंड पुढं केला. अर्ध्या तासात तो घामानं निथळला, मग बोलेनासा झाला. मेट्रननं त्याच्या तोंडात साखर कोंबली, शिरेत ग्लुकोज गेलं, आणि गडी परत आला. इंजेक्शन घेताना बोलला का नाहीस, असं विचारल्यावर तो शांतपणे म्हणाला, "म्या म्हनलं, मोठा दवाखाना हाय, न मागता देत असतील की."

आम्ही हसलो. मेट्रन हसल्या नाहीत. तीन आठवड्यांनी त्यांना कळलं की दोन गल्ल्या सोडून असलेल्या दुसऱ्या हॉस्पिटलात, आमच्या आधी दोन महिने, अगदी हेच घडलं होतं. तेच इंजेक्शन, तसेच दोन सिद्राम. त्यांचा सिद्राम मात्र परत आला नव्हता. आणि ही गोष्ट त्या हॉस्पिटलानं गिळून टाकली होती.

त्या दिवशी मेट्रन स्टोअरमध्ये आल्या, फिनेलच्या डब्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "चूक आमची झाली, त्याचं वाईट वाटतंय. पण ती चूक तिकडं होऊन गेली होती की. एवढं मरण खर्च करून त्यांनी ते शिकलं, आणि आम्हांला सांगितलं न्हाई."

पुढच्या महिन्यात पहिलं हळदी-कुंकू झालं.

विधवा बाई हळदी-कुंकू करते म्हणून चाळीत कुजबुज झाली. मेट्रननं सांगून टाकलं की कुंकू लावणार स्टोअरकीपरची बायको, मी फक्त जागा देते. माझी बायको कुसुम रेल्वे लाइन्सकडच्या एका बाळंतपणाच्या हॉस्पिटलात नर्स होती, म्हणून मला ही आतली बातमी. येणाऱ्यांपैकी निम्म्या कुंकू लावूनच घेत नसत. मार्था सिस्टर क्रिस्ती, नसीम सिस्टर मुसलमान, आणखी दोघी-तिघी मेट्रनसारख्याच. असं हळदी-कुंकू सोलापूरनं आधी पाहिलं नव्हतं.

नियम मेट्रनचे. हॉस्पिटलचं नाव घ्यायचं नाही. माणसाचं नाव घ्यायचं नाही. "असं कसं केलंस गं" म्हणायचं नाही, "मग पुढं काय केलंस" असं विचारायचं. परिणाम असा झाला की सगळ्या चुका शेजारच्या हॉस्पिटलांत घडू लागल्या. नसीम सिस्टर सुरुवातच करायच्या, "हमारे में नै हुआ, बाजूवाले में हुआ," आणि मग इतक्या बारकाईनं सांगायच्या की त्या बाजूवाल्याच्या टेबलाखाली बसल्या होत्या की काय अशी शंका यावी. आणि एखादी नवी मुलगी मान ताठ करून म्हणाली की आमच्याकडं काहीच चुकत नाही, की मेट्रन कानडीत दोनच शब्द बोलत, "बरी सुळ्ळ." म्हणजे नुसतं खोटं. मुलीची वाटी रिकामीच राही. पुढच्या वेळी ती दोन चुका घेऊन येई.

कुसुम घरी येऊन मला चुका सांगायची, नावं नाही. स्पिरिट सलाइनच्या रिकाम्या बाटलीत भरून ठेवलेलं आणि तीच बाटली स्टँडवर टांगायला उचललेली. पोटात राहिलेला कापसाचा बोळा. मी जेवण अर्धवट टाकून उठायचो आणि दुसऱ्या दिवशी स्टोअरमधल्या बाटल्या गुपचूप तपासायचो. म्हणजे बघा, परिषदेचा ठराव माझ्यासारख्या अडाण्यापर्यंतही पोचायचा.

आता ज्या दिवसासाठी हे सगळं सांगतोय, तो दिवस. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता गॅसच्या एजंटाची गाडी आली आणि दोन ऑक्सिजनचे सिलिंडर उतरले. इतके देखणे सिलिंडर मी जन्मात पाहिले नव्हते. काळं कुळकुळीत अंग, पांढरी शुभ्र मान, मानेवर कुंकवाची पाच बोटं. या एजंटाचं गोडाऊन अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, चारी बाजूंना यंत्रमाग. खंडेनवमीला तिथं प्रत्येक माग घासूनपुसून, रंगवून, हार घालून पुजतात. आपलेच सिलिंडर पोपडे निघालेले का राहावेत, असं एजंटाला वाटलं. त्यानं मागाला रंग देणारा रंगारी बोलावला. रंगाऱ्याला कुणी सांगितलं नव्हतं की ऑक्सिजनचा सिलिंडर काळा-पांढरा असतो आणि भुलीत मिसळायच्या दुसऱ्या वायूचा निळा. त्या दुसऱ्याला लोक हसवणारा वायू म्हणतात. नुसता तोच दिला तर माणूस आधी हसतो, मग गुदमरतो. रंगाऱ्याला ओळीत सगळे एकसारखे दिसायला हवे होते. त्यानं निळ्यांनाही काळं-पांढरं करून टाकलं, वरची अक्षरंसुद्धा झाकून. हे आम्हांला मागाहून कळलं. त्या सकाळी मी काय केलं? सिलिंडरला नमस्कार केला आणि सही ठोकली.

टेबलावर हर्नियाचा पेशंट होता, मागावरचा कामगार. ऑपरेशन आमचे मालक बापूसाहेब करणार. हात असा की गावोगावची माणसं त्या हाताच्या नावावर येत. मी गॉजचा डबा घेऊन थिएटरच्या दाराशी आलो आणि दाराच्या गोल काचेतून पाहतच राहिलो. पेशंटचे ओठ जांभळे झाले होते. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी ऑक्सिजन वाढवला. ओठ काळे झाले. त्यांनी आणखी वाढवला. बापूसाहेबांचा हात थांबला, ते म्हणाले, रक्त काळं येतंय. डॉक्टरांनी चावी पूर्ण उघडली.

"वाढवू नका," मेट्रन म्हणाल्या. "बंद करा. साधी हवा द्या."

बापूसाहेबांच्या थिएटरात हुकूम देणारा माणूस तोवर जन्मला नव्हता. डॉक्टर गोंधळून बापूसाहेबांकडे बघायला लागले. तेवढा वेळही मेट्रननं दिला नाही. स्वतःच्या हातानं सिलिंडरची नळी उपटली आणि रबरी फुगा डॉक्टरांच्या हातात कोंबला. ते फुगा दाबत राहिले. आतल्या साध्या, फुकटच्या, सोलापूरच्या धुळीच्या हवेनं तो माणूस श्वास घेत राहिला. मी काचेला नाक लावून त्याच्या कानाची पाळी बघत होतो. काळी. काळी. जांभळी. मग कडेला कुठंतरी, पेरूच्या आतल्या रंगासारखी, गुलाबी.

मेट्रनना हे कुठून सुचलं? त्या चैत्रातल्या हळदी-कुंकवात मार्था सिस्टरनं एक चूक आणली होती. दूरच्या एका हॉस्पिटलात ऑक्सिजन वाढवावा तसा पेशंट आणखी निळा पडत गेला होता, आणि सगळे वाढवतच राहिले होते. "मग पुढं काय केलंस?" मेट्रननं विचारलं होतं. मार्था सिस्टर म्हणाल्या होत्या की पुढं काही करायला उरलं नाही. त्या दिवशी कोसंबरी कुणीच खाल्ली नव्हती. आमचा हर्नियावाला जगला तो त्या अनोळखी माणसाच्या मरणावर.

दहा वाजता बापूसाहेबांनी आम्हांला केबिनमध्ये घेतलं आणि दार लावलं. त्यांच्या कपाळावर घाम होता. माणूस वाईट नव्हता, भ्यायला होता. पेशंट ठीक आहे, विषय संपला, असं म्हणाले. नातेवाईक, पोलीस, समोरचे टपून बसलेले डॉक्टर, सगळं त्यांनी मोजून दाखवलं. आणि टेबलावरच्या फोनच्या तबकडीला कुलूप लावून किल्ली खिशात टाकली.

मेट्रननं त्यांच्याकडे पाहिलंच नाही. मला विचारलं, "गाडी हितनं कुटं गेली?"

गाडीवाला मला बोलला होता. एक सिलिंडर रेल्वे लाइन्सकडच्या बाळंतपणाच्या हॉस्पिटलात द्यायचा आहे म्हणून. हे सांगता सांगताच मला आठवलं, सकाळी घरातून निघताना कुसुम म्हणाली होती की आज अकराला सीझर आहे, मंद्रूपची बाई आहे, दोन दिवस अडलीय.

मेट्रन उठल्या. बापूसाहेब हळू आवाजात म्हणाले, "मेट्रन, या दारातून बाहेर जाल तर उद्यापासून यायचं नाही."

"बरं," मेट्रन म्हणाल्या, आणि मला म्हणाल्या, "तुमच्या सायकलीत हवा हाय का?"

समोरच्या औषधाच्या दुकानातून आम्ही फोन लावला. बाळंतपणाच्या हॉस्पिटलाचा फोन मुका होता. टांगेवाले दसऱ्याच्या जागरणानं टांग्यातच आडवे. मग जे झालं ते सोलापूरनं उभ्या रस्त्यात थांबून पाहिलं. हिरेमठ मेट्रन, जिच्यापुढं कॉर्पोरेशनचे मेंबर विडी विझवत, ती माझ्या सायकलच्या कॅरिअरवर एका बाजूला पाय सोडून बसली आणि मी पेडल मारू लागलो. त्या मागून एकच शब्द बोलत होत्या, "बेग, बेग." लवकर, लवकर. फाटकापाशी आलो तर फाटक बंद. मालगाडी रुळांवर उभी, पुढं सरेना, मागं सरेना. घड्याळात अकराला दहा कमी. मेट्रन उतरल्या, निऱ्या खोचल्या, फाटकाखालून वाकून गेल्या आणि दोन डब्यांच्या जोडाखालून पलीकडे. फाटकवाला आईबहिणीचा उद्धार करत धावला. त्याला मेट्रननं पलीकडून विचारलं, "तुझं पूर्ण नाव काय?" तो जागच्या जागी थांबून नाव सांगू लागला. मी सायकल तिथंच टाकली.

पुढं काय झालं ते आधीच सांगून ठेवतो, म्हणजे शेवटी मला मध्ये बोलावं लागणार नाही. बापूसाहेब शब्दाचे पक्के निघाले. मेट्रनची नोकरी गेली. आठवड्यानं त्या बाळंतपणाच्या हॉस्पिटलातच रुजू झाल्या आणि हळदी-कुंकू चालू राहिलं. माझी नोकरी वाचली, कारण मी बाथरूमला गेलो होतो असं सांगितलं. सकाळी दहा ते दुपारी एक. आणि पुढं कधी कधी बापूसाहेब राउंड संपवून स्टोअरमध्ये यायचे, कापसाच्या गठ्ठ्यावर बोटं फिरवत, कुणाकडेही न बघता विचारायचे, काल हळदी-कुंकवात काय काय निघालं? मी सांगायचो. नावं सोडून.

तर अकरा वाजले होते. बाळंतपणाच्या हॉस्पिटलाच्या थिएटरचं दार उघडंच होतं. टेबलावर मंद्रूपची बाई, जागी, डोळे छताला. डोक्याशी भूल देणारे डॉक्टर, पायाशी डॉक्टरीणबाई, हातमोजे घालून तयार, आणि बाजूला माझी कुसुम. कोपऱ्यात तो. काळा, पांढऱ्या मानेचा, कुंकवाची पाच बोटं उमटलेला.

मेट्रननं दारातूनच सांगितलं की तो सिलिंडर लावू नका. डॉक्टरीणबाईंनी वळून पाहिलं. दुसऱ्या हॉस्पिटलची मेट्रन, धापा टाकतेय, साडीला रुळांवरचं तेल लागलंय. त्यांनी थंडपणे विचारलं, "का?"

मी दाराच्या चौकटीला धरून उभा होतो. मला वाटलं, आता त्या म्हणतील की बाजूच्या हॉस्पिटलात असं झालं. मेट्रननं श्वास घेतला आणि आमच्या हॉस्पिटलचं नाव घेतलं. पूर्ण नाव. आज सकाळी, आमच्या टेबलावर, माझ्यासमोर, असं म्हणाल्या. स्वतःचा नियम त्यांनी मोडला तो त्या एकाच वेळी.

भूल देणाऱ्या डॉक्टरांना पटेना. हा भरलेला आहे, रंग बरोबर आहे, म्हणाले. जुन्या सिलिंडरचा काटा तळाला टेकलाय, भरलेला टाकून तो घेऊ, आणि मध्येच संपला तर? कुसुम बाळाचे ठोके मोजत होती. ती हळूच म्हणाली, "बाई, मंद होताहेत." वेळ नव्हता. डॉक्टरीणबाई एकदा सिलिंडरकडे बघत, एकदा मेट्रनकडे. चूक कुणाची निघेल हे कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि चुकलं तर मरणार होती ती बाई आणि तिचं मूल.

मेट्रननं स्टूल ओढलं, बसल्या आणि डॉक्टरांच्या हातातला मास्क घेतला. कुसुमला म्हणाल्या, "पडले तर हे काढ, आणि दार उघडं ठेव." नळी त्या काळ्या सिलिंडरला जोडली, चावी फिरवली आणि मास्क स्वतःच्या तोंडावर दाबला.

एक श्वास. काही नाही. दुसरा. तिसरा. डोळे उघडे, स्थिर, विभूती तशीच. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी, झालं समाधान, अशा चेहऱ्यानं मास्क घ्यायला हात पुढं केला. चौथा श्वास. मी मनात म्हणालो, बाई, नोकरी उगाच घालवली. पाचवा.

मेट्रनच्या खांद्याला एक हिसका बसला. मग दुसरा. मास्क हातातून सुटला आणि तो आवाज आला. आधी बारीक, भांडं कलंडल्यासारखा, मग मोकळा, खदाखदा. त्या बाई स्टुलावर डोलत, कुसुमच्या खांद्याला धरून, डोळ्यांतून घळाघळा पाणी काढत हसत होत्या. थांबता येत नव्हतं त्यांना, आणि डोळ्यांत मात्र हसू नव्हतं, भीती होती. डॉक्टरीणबाई पांढऱ्याफटक पडल्या. क्षणात त्यांनी चावी बंद केली, डॉक्टरांनी जुना सिलिंडर ओढला, कमरेत भुलीचं इंजेक्शन द्यायचं ठरलं. अर्ध्या तासानं मुलगी झाली आणि तिनं असा टाहो फोडला की फाटकापर्यंत ऐकू गेला असेल. पण ते अर्ध्या तासानंतरचं. त्या क्षणी थिएटरात हिरेमठ मेट्रनचा हसण्याचा आवाज तेवढा भिंतींवर आपटत होता, आणि टेबलावरून मंद्रूपच्या बाईनं कोपरावर रेटून मान वर केली, त्यांच्याकडे रोखून पाहिलं आणि भडकून म्हणाली,

"अवं बाई, चिरायचं मला हाय, आन् हसताय तुमी व्हय?"